वरातीमागून घोडं, घोड्यामागून डॉक्टर

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घोड्याच्या दवापाण्याचा खर्च, आणि तो नेमका कशामुळे वाढतो याबद्दल.



मी श्रीगोंदा तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव घोड नदीच्या काठी, म्हणजे नदीच्या नावातच घोडं. घरी एक कुमाईत घोडी आहे, हरणी. थोरला मुलगा लग्नसराईत तिच्या सुपाऱ्या घेतो. उरलेल्या दिवसांत ती आमचं दाणावैरण खाते आणि आम्ही तिची बोलणी खातो, कारण वेळेवर तोबरा मिळाला नाही तर ती पायाने बादली उलटी करते.

गेल्या पौषातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला गोठ्यातून जमीन उकरल्याचा आवाज आला, म्हणून बॅटरी घेऊन गेलो. हरणी मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती. वरचा ओठ उलटा वळलेला. थंडीने माझे दात वाजत होते आणि तिच्या अंगाला घाम. खाली बसायची, लगेच उठायची, पुन्हा बसायची. संध्याकाळपासून लीद नव्हती. पाण्याची बादली जवळजवळ भरलेली. थंडीत घोडं पाणी कमी पितं, त्यात कोरडा कडबा. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवलं आणि घड्याळ लावून नाडी मोजली. निरोगी घोड्याची विसाव्यातली नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. हरणीची ७२ भरली.

पोटशूळ. डॉक्टर लोक कॉलिक म्हणतात. ज्यांनी घोडं पाळलेलं नाही त्यांना 'पोटात दुखतंय, दुखून थांबेल' असं वाटेल. पण घोड्याला ओकता येत नाही. एवढं मोठं जनावर, पण त्याचं जठर अवघं आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याच्या तोंडाशी झडप अशी की आत गेलेलं वर येत नाही. मागे आतड्यात वैरणीचा बोळा बसला की पुढे पाणी आणि वायू साठत जातो, आणि अखेर जठर फुटायची वेळ येते. म्हणून नाकातून लांब नळी पोटात सोडून साठलेलं बाहेर काढावं लागतं, त्याच नळीने आत पातळ पॅराफिन सोडावं लागतं, कळ थांबवायचं इंजेक्शन आणि सलाइन द्यावं लागतं. जे करायचं ते पहिल्या काही तासांत.

शेजाऱ्याने तोवर गोडेतेलाची बाटली आणि हिंग आणला होता. आमच्या लहानपणी हाच इलाज होता, घोड्याची मान वर धरायची आणि बाटली ओतायची. मी पुण्याकडच्या एका घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पहिल्यांदा हेच म्हणाले, "तोंडाने काही ओतू नका, फुप्फुसात गेलं तर शूळ बरा होईल आणि घोडी न्यूमोनियाने जाईल." मग त्यांनी विचारलं, "नळी घालणारं कोणी आहे का जवळ?"

इथंच घोडं पेंड खातं, मंत्रिमहोदय.

जवळच्या गावचे सरकारी पशुवैद्यक अडीच वाजता मोटारसायकलवर आले. माणूस सोन्यासारखा, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांनी कळेचं इंजेक्शन दिलं, पोटाला कान लावून आतड्याचा आवाज ऐकला, आणि मग सरळ सांगितलं, "मास्तर, माझा दिवस गाई-म्हशींत जातो. घोड्याच्या नाकातून नळी मी कॉलेजात असताना एकदा घातली होती. त्यानंतर हात लावलेला नाही. चुकून श्वासनळीत गेली तर मीच मारीन तिला. आणि घोड्याच्या मापाची नळी आमच्याकडे आहे कुठं?" हे प्रामाणिकपण मला फार मोलाचं वाटलं. त्यांनी अंदाजाने प्रयत्न केला असता तर हे पत्र वेगळं झालं असतं.

पहाटे साडेतीनला पिकअप मिळाली. पिकअपमध्ये उसाचं पाचट अंथरलं, घोडी दोन्ही बाजूंनी बांधली, मुलगा तिच्या तोंडाशी बसला. शंभरेक किलोमीटर. वाटेत दोनदा ती बसायला बघत होती, दोन्ही वेळा गाडी थांबवून तिला उभं ठेवलं. सकाळी सातनंतर त्याच पुण्याकडच्या डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात नळी पडली, आणि नळीतून आंबूस वासाचं हिरवट पाणी भळाभळा बादलीत आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हरणीने लीद टाकली. त्या लिदीकडे बघून माझा मुलगा जसा हसला तसा दहावीच्या निकालाच्या दिवशीही हसला नव्हता.

आता हिशेब. मास्तर असल्यामुळे वही ठेवायची सवय आहे.

गावात आलेल्या डॉक्टरांची इंजेक्शनं नि औषधं, १,८०० रुपये. पिकअप जाऊन-येऊन, ९,०००. खासगी दवाखान्यात नळी, सलाइन, रक्ततपासणी, दोन दिवसांची देखरेख, १६,५००. नंतरची औषधं, २,६००. मुलाचं आणि मदतीच्या माणसाचं खाणंपिणं, राहणं, १,५००. एकूण ३१,४०० रुपये. दोन सुपाऱ्या गेल्या, त्याचे ११,००० वेगळे. ते या बेरजेत धरलेले नाहीत, कारण बुडालेल्या पैशाची पावती मिळत नाही.

निघताना मी पुण्याकडच्या डॉक्टरांना विचारलं, की हेच सगळं पहिल्या दोन तासांत, माझ्या गोठ्यात झालं असतं तर काय पडलं असतं? ते म्हणाले, "तीन, फार तर साडेतीन हजार."

साडेतीन हजार आणि साडेएकतीस हजार यांच्यामधले जे अठ्ठावीस हजार आहेत, ते औषधाचे नाहीत. ते अंतराचे आहेत. घोड्याच्या आजारपणात आमच्या जिल्ह्यातला मालक मुख्यतः रस्त्याचे पैसे भरतो, आणि रस्त्यावर गेलेल्या वेळेमुळे वाढलेल्या आजाराचे. या पत्रातून मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आपल्या खात्यातले काही लोक म्हणतील, घोडा ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं. ज्याला परवडतं त्याने ठेवावा. म्हणून आमच्याकडे घोडी कोणाच्या दारात उभ्या असतात ते आधी सांगतो. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढं पळणारी घोडी असते. देवाच्या यात्रेत आणि दिंडीत चालणारा अश्व असतो. वरातीचा घोडा असतो. आणि ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ती धनगराच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडाबरोबर, चालणारी तट्टं असतात. पारनेरच्या ढवळपुरीपासून कर्जत-जामखेडपर्यंत मेंढरांचे कळप रानोमाळ फिरतात, आणि त्यांच्या मागे तट्टाच्या पाठीवर अख्खं घर जातं. भांडी, वाघूर, पालाचं कापड, कोंबड्यांची डालगी, आदल्या रात्री जन्मलेली दोन कोकरं आणि सगळ्यात वर एक पोर. हौस म्हणाल तर ती एवढीच.

त्यातल्या एका वाड्याची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. दरवर्षी कार्तिकात एक मेंढपाळ माझ्या रानात मेंढरं बसवतो. मला खत मिळतं, त्याला धान्य आणि चार पैसे. मागच्या खेपेला त्याच्या तट्टाच्या मागच्या खुरात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा खिळा गेला. त्याने खिळा काढला, हळद भरली, आणि तट्टू चालायला लागलं म्हणून विसरून गेला. दहा-बारा दिवसांनी तो मला बोलवायला आला. "मास्तर, तट्टाचं तोंड उघडंना." जाऊन बघतो तर चारही पाय लाकडासारखे ताठ, शेपूट काठीसारखी उभी, नाकपुड्या फाकलेल्या. मी टाळी वाजवली तशी डोळ्याच्या कोपऱ्यातली तिसरी पापणी सर्रकन अर्ध्या डोळ्यावर आली. धनुर्वात. पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं जनावर दुसरं नाही, आणि त्याची लस दोन माणसांच्या चहा-भज्याच्या पैशात येते. तिसऱ्या दिवशी तट्टू गेलं. तो माणूस रडला नाही. त्याची बायको मात्र रिकाम्या खोगिराशेजारी बराच वेळ बसून होती. पुढच्या मुक्कामाला त्यांनी भाड्याचा टेम्पो केला, आणि त्या भाड्यासाठी चार मेंढ्या विकल्या.

माझ्याकडे पेन्शन होती म्हणून हरणी वाचली. ज्याच्या दोन वेळच्या भाकरीचं ओझं त्या जनावराच्या पाठीवर होतं, त्याचं तट्टू गेलं.

साहजिक प्रश्न येतो, की एवढ्या योजना आहेत, त्यात घोडा कुठं आहे? मी निवृत्त माणूस, बसून वाचतो. केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस गावोगाव जाते. घोड्याला लाळ्या-खुरकूत होतच नाही, त्यामुळे त्या लसीकरणात घोडा नसणं बरोबरच आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की लस टोचणारा माणूस वर्षातून दोनदा गोठ्यात येतो, गाईपाशी थांबतो आणि घोड्यावरून नजर फिरवून निघून जातो. ज्या धनुर्वाताने, जंतांनी आणि सर्रा नावाच्या रोगाने घोडा मरतो, त्यासाठी कोणी ठरवून येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केले. त्यात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीच्या उद्योगाला ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान आलं, आणि पशुविम्याच्या हप्त्यात पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे, मनापासून अभिनंदन. पण विम्याचा कागद नीट वाचा. जनावर मेलं की पैसे मिळतात. जगवण्यासाठी केलेल्या खर्चाचे मिळत नाहीत. माझ्या हरणीचा विमा असता, तर त्या ३१,४०० मधला एक रुपयाही परत आला नसता. मी तिला पिकअपमध्ये न घालता गोठ्यातच मरू दिलं असतं, तर मात्र पैसे मिळाले असते. कोणी मुद्दाम असं ठरवलेलं नाही हे मला कळतं. तरी गरीब मालकाच्या हातात हा कागद कुठल्या बाजूला झुकतो, हे आपणही बघावं. शिवाय विम्याला ओळख लागते, आणि बैलाच्या कानात मारतात तसा बिल्ला घोड्याच्या कानात मारून घ्यायला कुठलाही मालक तयार होत नाही. त्याला कातडीखाली बसवायची मायक्रोचिप लागते. ती तालुक्याला मिळाली तर विमा खरंच घोड्यापर्यंत पोचेल.

संख्येचा मुद्दा येणार हेही मला ठाऊक आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टं होती, २०१९ ला ती ३ लाख ४० हजारांच्या घरात आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त घट. 'एवढ्याशा जनावरांसाठी वेगळा डॉक्टर कसा ठेवायचा?' असं फायलीवर लिहिणं सोपं आहे. मीही वेगळा डॉक्टर मागत नाही. आहे त्याच डॉक्टरच्या हातात नळी आणि हाताला सवय मागतो.

एक मुद्दा माणसांच्या आरोग्याचाही आहे. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसाला होऊ शकतो. त्यावर जनावराला उपचार देत नाहीत, बाधित घोड्याला कायद्याने दयामरण द्यावं लागतं. घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हरियाणात हिस्सारला आहे, १९८५ पासून. पण नाकातून चिकट पू येणारं, खोकणारं, अंगावर गाठी उठलेलं घोडं पहिल्यांदा कोणाच्या नजरेला पडणार? आमच्याच तालुक्यातल्या डॉक्टरच्या. घोडेवाल्याला दवाखान्यात जायची सवयच नसेल, तर हा रोग आधी पागेत आणि मग मोतद्दाराच्या घरात जाईल, आणि आपल्याला वर्तमानपत्रातून कळेल.

आमच्या चुकाही लिहितो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही भोवरे मोजतो, देवमण बघतो, पंचकल्याणीसाठी लाख-दोन लाख जास्त मोजतो, पण तोंड उघडून दाढा बघत नाही. वर्षातून एकदा दातांवर कानस फिरवली तर बरेच पोटशूळ टळतील, असं डॉक्टर मला म्हणाले, आणि मी साठीच्या उंबरठ्यावर हे पहिल्यांदा ऐकलं. साजावर आरशा-घुंगरांसकट वीस हजार घालणारा मालक जंताच्या औषधाला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. लंगडणारं घोडं लग्नाची तारीख आहे म्हणून डीजेपुढं नाचवलं जातं. आता माझ्या वहीत नवं पान आहे. सव्वा-दीड महिन्याला नाल, वर्षाचे ८,१००. जंताचं औषध चार वेळा, १,४००. लसी ५००. वर्षाला दहा हजार. हे दहा हजार आधीपासून घातले असते, पौषात पाणी कोमट करून पाजलं असतं, तर ती रात्र कदाचित आलीच नसती. पण हे आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. आणि आमचा जुना नालबंद वारल्यापासून नवा चाळीस किलोमीटरवरून येतो. जुन्याच्या पोराने वेल्डिंगचं दुकान टाकलं आहे.

आता मागण्या. पाचच आहेत, आणि त्यातली एकही कोटींची नाही.

पहिली. क्षेत्रफळाने आमचा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुके. राहाता तालुक्यात सावळी विहीर इथं शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं आहे. तिथून जवळच शिर्डीच्या लेंडीबागेत साईबाबांच्या श्यामसुंदर घोड्याची समाधी आहे. त्या महाविद्यालयात घोड्यांचा विभाग पहिल्या दिवसापासून असावा, नंतर कधीतरी जोडायचा म्हणून राहू नये. पण जामखेड-श्रीगोंद्याहून सावळी विहीर फार लांब पडतं, म्हणून,

दुसरी. जिल्ह्याच्या दक्षिणेला एका तालुक्याच्या लघु सर्वचिकित्सालयात घोड्याच्या मापाची नळी, पंप, पॅराफिन, कळेचं इंजेक्शन आणि वीस-पंचवीस लिटर सलाइन कायम ठेवावं. तिथल्या दोन डॉक्टरांना जिथं घोडे रोज येतात अशा ठिकाणी पंधरा दिवस पाठवावं. लष्कराच्या घोड्यांना रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचे डॉक्टर आहेत, शर्यतीच्या घोड्यांना क्लबचे. शिकवणारे राज्यात आहेत, शिकायला पाठवणारा हवा.

तिसरी. १९६२ क्रमांकावर चालणाऱ्या फिरत्या पथकांच्या गाडीत हेच सामान असावं. तसं झालं तर दवाखाना घोड्याकडे येईल आणि पिकअपचं भाडं वाचेल.

चौथी. मेंढपाळांच्या वाटा ठरलेल्या आहेत. कार्तिकात वाडे निघण्याआधी आणि आषाढात परतताना, मेंढरांच्या लसीकरणाच्या वेळीच तट्टांना धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि ग्लँडर्ससाठी रक्ताचा नमुना, एवढं एकाच फेरीत व्हावं. २१ व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची नोंद पहिल्यांदाच वेगळी घेतली गेली. त्या नोंदीचा पहिला उपयोग हा होऊ द्या.

पाचवी. नालबंदाला कारागीर म्हणून प्रशिक्षण आणि हत्यारांना साहाय्य द्या. खूर गेलं की घोडं गेलं.

६ मे २०२५ रोजी राज्याचं मंत्रिमंडळ आमच्या जिल्ह्यात चौंडीला बसलं होतं. अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, त्यांच्या त्रिशताब्दीच्या वर्षात. जिल्ह्याला त्यांचं नाव दिलं, आनंद आहे. होळकरांची दौलत घोड्याच्या पाठीवर उभी राहिली आणि ती पाठ धनगराच्या वाड्यात वाढली. भीमथडी ही आता कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोकडे नोंदलेली घोड्याची स्वतंत्र जात आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून जे राज्यगीत आपण सगळे उभं राहून म्हणतो, त्यातही भीमथडीच्या तट्टांचं नाव येतं. भीमा आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते. गीतातल्या तट्टांना पाणी मिळालं, आता काठावरच्या तट्टांना सलाइन मिळावं, इतकंच मागणं.

येत्या कार्तिकात तो मेंढपाळ पुन्हा माझ्या रानात वाडा बसवेल. दीड वर्षाचं शिंगरू घेतलंय म्हणतो, अजून पाठीवर ओझं ठेवलेलं नाही. त्याला धनुर्वाताची लस माझ्या खर्चाने द्यायची मी ठरवली आहे, डॉक्टरांशी बोलूनही ठेवलं आहे. एका शिंगरापुरती माझी पेन्शन पुरेल. बाकीची आपल्या हवाली करतो.



आपला,
एक घोडीवाला मास्तर
घोड नदीकाठ, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर